बैलांची नावं पडद्यावर, श्रावणभाऊचं नाही

ऑर्केस्ट्रातल्या माणसाकडे एवढे किस्से कुठून साठतात, माहीत आहे? त्याचं अर्धं आयुष्य वाजवण्यात नाही, वाट पाहण्यात जातं. लाइट येईपर्यंत थांबा, पाहुणे येईपर्यंत थांबा, जनरेटरवाला जेवून येईपर्यंत थांबा. मग काय, गप्पा! आमच्या चंद्रपूरच्या ऑर्केस्ट्राच्या सेटमधली माणसं आजही कुठं भेटली की गप्पांत हटकून श्रावणभाऊ निघतो, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. हसा बाबांनो. मी मात्र हे सांगताना हसत नाही. मला अजूनही संताप येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

श्रावणभाऊ म्हणजे आमचा सॅक्सोफोनवाला. वैनगंगेच्या काठचा, मार्कंड्याजवळच्या एका गावचा. घर ढिवरांचं. बाप नदीत, तलावात जाळं टाकायचा, आई चामोर्शीच्या बाजारात मासोळी विकायची. हा पोरवयातच लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकायला लागला आणि तिथून नागपूरच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये गेला. तिथे एक म्हातारे गोवेकर मास्तर जॅझ वाजवायचे. त्यांनी याच्या हातात सॅक्सोफोन दिला आणि याचं डोकं कायमचं फिरवून टाकलं. पुढे मुंबईच्या स्टुडिओंमध्ये काही वर्षं वाजवलं. मग नव्वदच्या सुमारास कीबोर्ड आले, एकाच पेटीत सगळी वाद्यं मिळायला लागली, आणि फुंकणाऱ्यांना घरी बसवलं. श्रावणभाऊ चंद्रपूरला परतला आणि आमच्या सेटमध्ये माझ्याच शेजारी येऊन बसला.

मी कोण? कीबोर्डवाला! म्हणजे ज्या पेटीनं त्याच्या पोटावर पाय दिला, तीच वाजवणारा! पण त्यावरून तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. तो कुणालाच काही बोलत नसे. म्हणून तर मला बोलावं लागतं.

* * *

मी त्याला एकदा विचारलं होतं, "श्रावणभाऊ, हे जॅझ जॅझ म्हणजे असतं काय?"

तो म्हणाला, "काई नाई बा. गाणं घरून निघते, गावभर हिंडते, अन् जेवायच्या टायमाले घरी वापस येते. येवढंच."

आता हे मला समजलं. पण वरातीला कोण समजावणार? लग्नसराईत पोटासाठी तो बँडमध्येही जायचा. मूल तालुक्यातल्या एका वरातीत नवरदेवाचा मामा अगदी रंगात येऊन नाचत होता. तेवढ्यात श्रावणभाऊचं गाणं घरून निघालं आणि गावात हिंडायला गेलं. मामाचा एक पाय वर तो वरच राहिला! खाली कधी टाकायचा तेच कळेना.

"बंद करा!" मामा ओरडला. "हा बेंडवाला पिऊन हाय!"

श्रावणभाऊ आयुष्यात चहापलीकडे गेला नाही. पण मामा ऐकेना. बँडमास्तर घाबरट. त्यानं भर रस्त्यात, बायाबापड्यांसमोर, या मुंबईत वाजवून आलेल्या माणसाला तोंड उघडायला लावलं. मी असतो तर ढोलकं घातलं असतं मामाच्या डोक्यात! मामा झुलत झुलत पुढे आला, श्रावणभाऊच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि जाहीर केलं, "वास येते!"

आमचा ड्रमवाला बब्बू तिथंच होता. तो म्हणाला, "मामाजी, तो तुमचाच हाय!"

* * *

आमच्या झाडीपट्टीत दंडारीचा नाचगाण्याचा खेळ असो, नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, बक्षीस हा प्रकार असतोच. एखाद्याला गाणं आवडलं की तो अकरा रुपये घेऊन उठतो, माईकवाल्याच्या हातात देतो, आणि माईकवाला चालू गाणं थांबवून पुकारतो, "अमुक गावचे तमुकराव यांचेकडून गायिकेस अकरा रुपये बक्षीस!" मग वन्स मोर. बक्षीस दिलं म्हणजे तेवढा तुकडा पुन्हा वाजवायचा, हा नियम. आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाला तर हात आखडून चालतच नाही. त्यानं खिशात हात नाही घातला तर वर्षभर गावात त्याच्या नावानं हसतात.

श्रावणभाऊला या बक्षिसाची भयंकर चीड. माणूस डोळे मिटून सुरात गेलेला, आणि मध्येच "अकरा रुपये!" म्हणजे जेवताना कुणी ताट ओढून घ्यावं तसं. सिंदेवाहीकडच्या एका मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्याचा एकट्याचा तुकडा चालू होता. माईकवाल्यानं पुकारायला सुरुवात केली, "श्री. वासुदेवराव..." श्रावणभाऊ थांबलाच नाही! त्यानं आपला सूर पूर्ण केला, शांतपणे खाली आणला, आणि मग वाद्य मांडीवर ठेवलं. वासुदेवरावांचं नाव त्या सुरात गडप!

झाला ना गोंधळ! वासुदेवराव स्टेजवर चढले. त्यांचे भाऊबंद मागून चढले. "माह्यं बक्षीस वापस करा! मले बोलवून बेइज्जती करून राह्यले का?"

श्रावणभाऊ हात जोडून म्हणाला, "भाऊ, सूर अर्धा सोडून कसा थांबू मी?"

वासुदेवराव म्हणाले, "अन् माह्यं नाव अर्धं राह्यलं, त्याचं काय?"

बैलगाडीत सामान भरताना श्रावणभाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "त्याचं बी बरोबर हाय." बघा म्हणजे! मी तिकडे भांडून घसा बसवून आलो होतो.

* * *

आलापल्लीला कार्यक्रम होता. गडचिरोलीच्या आतल्या रस्त्याला त्या वर्षांत जागोजागी नाकाबंदी असायची, आणि श्रावणभाऊच्या मांडीवर काळी लांबट पेटी. पुढचं सांगायला नको. एसटी थांबली, पेटी खाली, श्रावणभाऊ खाली, त्याच्यामागे आम्ही सगळे खाली.

हवालदारानं पेटी उघडली. आत पिवळी धम्मक वाकडी नळी, तिला शंभर बटणं. "हे काय हाय?"

"सॅक्सोफोन, साहेब."

"वाजवून दाखव!"

भर उन्हात, सागाच्या झाडाखाली उभं राहून श्रावणभाऊनं वाजवलं. आणि कधी नव्हे ते खुलून वाजवलं! जंगल समोर, श्रोते बंदूकवाले, कुणी बक्षीस पुकारणारं नाही. मी तर म्हणतो त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जॅझ त्या नाक्यावर झालं.

हवालदाराच्या कपाळाला आठ्या. "हे कोणतं गाणं व्हय?"

"गाणं नाई साहेब. हे असंच."

"असंच? असंच कसं? मंग तुले वाजवता येते हे आम्ही कसं मानाचं?"

आता काय करता! संशय वाढायला लागला. शेवटी बब्बूनं मागून ढोसलं, तेव्हा श्रावणभाऊनं एक घासूनपुसून गुळगुळीत झालेलं सिनेमाचं गाणं काढलं. लगेच जवान डोलायला लागले, एकानं तर ताल धरला. पेटी बंद, एसटी सुरू, सलाम! आणि आम्ही चढताना हवालदार अगदी आपुलकीनं म्हणाला, "येवढं चांगलं येते तुले, तं मंग आधी ते खराब काऊन वाजवून राह्यला होतास?"

* * *

आता दिगांबरशेठकडे येतो. माझा रक्तदाब इथून वाढतो.

शेठची चामोर्शी रोडला धानाची गिरणी होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इकडे व्हिडिओवर सिनेमे काढायची लाट आली. आपल्या बोलीतले, आपल्या गावांतले, मग त्यांच्या सीड्या बाजारात विकायच्या. शेठला वाटलं, आपणही काढावा. म्युझिकला श्रावणभाऊ. वर शेठचे जावई किशोरबाबू, ज्यांना लहानपणापासून संगीताची आवड होती. आवड म्हणजे त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता.

संगीतकार आणि अरेंजर यात फरक असतो. संगीतकार चाल देतो, आणि कुणी, कुठं, काय, किती वाजवायचं ते अरेंजर बसवतो. इथं चाल श्रावणभाऊची, बसवणं श्रावणभाऊचं, पार्श्वसंगीत श्रावणभाऊचं. वाजवणं आम्हा तिघांचं. किशोरबाबू मध्ये मध्ये येऊन म्हणायचे, "थोडं अजून फिलिंग टाका." झालं त्यांचं काम!

पहिला खेळ शेठच्या अंगणात टीव्ही मांडून झाला. श्रावणभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गावाकडून त्याची आई पारबताबाई निरोप पाठवून विचारत होती, "सिनेमात तुह्यं नाव सांगतेत का?" तिला वाचता येत नव्हतं. तिच्या हिशेबी नाव म्हणजे भोंग्यातून पुकारतात ते. तरी हा तिला सांगून आला होता, की हो, माय, येते नाव.

पाट्या सुरू झाल्या. कथा, शेठ. निर्माता, शेठ. गीते, शेठ. संगीत, किशोरबाबू! मी श्रावणभाऊकडे बघितलं नाही, मला बघवलंच नाही. वाटलं, पुढे असेल. वादक म्हणून तरी असेल. पुढे आलं विशेष आभार. चहावाल्याचे आभार, ग्रामपंचायतीचे आभार, आणि मग एक पूर्ण पाटी, मोठ्या अक्षरांत, कडेनं फुलांची नक्षी काढून, "बैलजोडी: सर्जा-राजा. मालक, लक्ष्मणराव."

बैलांची नावं होती हो! बैलांची!

मी शेठच्या अंगावर जायच्या बेतात होतो. श्रावणभाऊनं माझा दंड धरला आणि म्हणाला, "बैलांनी काम बी चांगलं केलं ना बा."

* * *

त्या सिनेमाचं रेकॉर्डिंग कुठं झालं असेल? शेठच्याच गिरणीच्या गोदामात! भिंतीला धानाची पोती लावली की आवाज घुमत नाही, ही युक्ती श्रावणभाऊची. पण पलीकडे गिरणी धडधडायची. ती बंद ठेवा म्हटलं की शेठ म्हणायचे, "गाण्यासाठी गिरणी बंद? लोक हसतीन मले."

आम्ही वैतागलो. बब्बूनं तर काठ्या फेकल्या. श्रावणभाऊ मात्र पोत्यावर बसून गिरणीचा आवाज ऐकत राहिला. मग मांडीवर थाप धरली. मग म्हणाला, "बब्बू, तू तिच्यासंगच वाजव. भांडू नको तिच्यासंग." आणि त्या धडधडीवर त्यानं धान रोवण्याचं गाणं बसवलं. गिरणी सरळ चालायची, सॅक्सोफोन तिच्याभोवती तिरका तिरका. गाणं असं चाललं की रोवणाऱ्या बाया शेताच्या बांधीत म्हणायला लागल्या, आणि पानठेल्यांवर सीडी दिवसभर वाजायची.

पुढे कुठल्याशा कार्यक्रमात शेठचा सत्कार झाला. तिथं कुणी तरी त्या गाण्याची तारीफ केली आणि विचारलं, असा ठेका सुचला कुणाला? श्रावणभाऊ समोरच बसला होता. त्याच्याकडे बघत बघत शेठ माईकवर म्हणाले, "ठेका? गिरणी कोणाची हाय?"

* * *

मध्यंतरी एका सरकारी खात्याची जंगलावरची डॉक्युमेंटरी आली. साहेब बाहेरून बदलून आलेले. श्रावणभाऊनं तेंदूपत्त्याच्या हंगामाला, पहाटेच्या धुक्याला, सूरजागडच्या डोंगराला सॅक्सोफोनवर काय सुंदर तुकडे केले होते! साहेबांनी एक तुकडा ऐकला आणि हात वर केला.

"नाही नाही. जंगल म्हणजे बासरी! हे वाद्य विदेशी वाटतं. मातीतलं काहीतरी पाहिजे."

श्रावणभाऊ म्हणाला, "साहेब, माह्या गावात बँड हाय, भोंगा हाय, एसटीचा हॉर्न बी हाय. बासरी तेवढी नाई."

साहेब म्हणाले, "तुम्हाला आदिवासी संगीताचा अभ्यास करावा लागेल." हे कुणाला? जो गोंड पोरांबरोबर रेला नाचत मोठा झाला त्याला!

आठवडाभरानं आम्ही बासरी घेऊन गेलो. म्हणजे काय केलं होतं, श्रावणभाऊनं सॅक्सोफोनच्या पुढच्या तोंडात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला आणि अगदी हलकं हलकं फुंकून तेच सगळे तुकडे पुन्हा रेकॉर्ड केले. सूर तेच, जागा त्याच! साहेब डोळे मिटून ऐकत राहिले. मग शिपायाला बोलावून त्यालाही ऐकवलं.

"आता कसं! ही खरी बासरी. कुणी वाजवली?"

बब्बू म्हणाला, "साहेब, ते जंगलात राहतेत. नाव टाकाचं नाई म्हणतेत."

साहेबांनी मान डोलावली. "हेच तर त्यांचं मोठेपण!" आणि खरोखरच कुणाचं नाव टाकलं नाही.

* * *

शेठच्या दुसऱ्या सिनेमात नायकाचा बाप मरतो. शेतावर, धुऱ्याच्या बांधावर, एकटा. किशोरबाबूंना तिथं व्हायोलिनं हवी होती. माझ्या कीबोर्डात एक बटण दाबलं की पन्नास व्हायोलिनं रडतात, तसलं. श्रावणभाऊ म्हणाला, इथं एकट्याचं वाद्य पाहिजे, सॅक्सोफोनच घेऊ.

"सॅक्सोफोन?" किशोरबाबू हसायला लागले. "ते क्लबमधल्या नाचाले असते. बाप मरून राह्यला ना!"

त्यानं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं नाही! एक लांब सूर लावला, तो हळूहळू उतरत गेला, आणि संपतो संपतो म्हणताना परत उचलला. बब्बू वेल्डिंगचं दुकान चालवणारा माणूस, त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी म्हटलं, "श्रावणभाऊ, एवढा दम कुठून आणता?"

तो म्हणाला, "लहानपणी तलावात जाळं अटकलं का बाप मले बुडी माराले लावे. माय काठावर उभी. मी वर आलो का आधी दोन शिव्या, मंग पदरानं डोकं पुसे."

किशोरबाबूंचं मत पडलं, की सूर अडकल्यासारखा वाटतो. तो तुकडा जाणारच होता. पण नेमक्या शेठाणी चहा घेऊन आल्या, तुकडा ऐकला, आणि तिथंच बसून रडल्या. त्यांना आपला बाप आठवला. म्हणून तो राहिला.

त्या दिवशी श्रावणभाऊनं तोंड उघडलं. मी बाजूला होतो म्हणून सांगतो. म्हणाला, "शेठ, या खेपेला माह्यं नाव टाका. पैशाचं काई म्हणणं नाई. माय आता म्हातारी झाली. येवढं नाव टाका."

शेठ पान लावत होते. चुना फासत फासत म्हणाले, "अरे श्रावण, तू मनाले लावून घेऊ नको. पण संगीताले नाव कसं वजनदार पाहिजे. तुह्यं आडनाव वाचलं तं लोक मासोळीचा भाव इचारतीन!"

आणि हसले! बसलेली चारदोन माणसंही हसली. श्रावणभाऊनं सॅक्सोफोन फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, आणि घरी गेला. एवढाच त्याचा राग. बाकीचा मीच करतो आहे, आजपर्यंत.

* * *

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. शेठनं तिथल्या व्हिडिओच्या तंबूत आपला नवा सिनेमा लावला होता. दुपारचा खेळ. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यावर शेठ आणि फेटा बांधलेले किशोरबाबू. मागे सगळी पब्लिक भाताच्या तणसावर मांडी घालून. श्रावणभाऊ यायला तयार नव्हता, पण पारबताबाईनं त्याला हाताला धरून आणलं. तो तंबूच्या बांबूला टेकून उभा राहिला. पारबताबाई माझ्याजवळ बसली.

पाट्या सुरू झाल्या. "वाच ना बाबू," ती म्हणाली, "श्रावणचं नाव आलं का?"

मी वाचत होतो. संगीत, किशोरबाबू.

"आलं का?"

"नाही, बाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सिनेमा चालू राहिला. नायकाचा बाप धुऱ्यावर येऊन पडला, आणि तो सूर सुरू झाला. पारबताबाई ताठ झाली. सूर उतरत गेला, संपतो संपतो म्हणताना परत उचलला, आणि ती उभीच राहिली. पदराची गाठ सोडत, लोकांच्या मांड्यांवरून पाय टाकत, थेट पुढे गेली. तंबूवाला कडेला माईक घेऊन बसला होता.

"थांबव," ती म्हणाली. "बक्षीस हाय."

"बाई, हा सिनेमा हाय. सिनेमात बक्षीस नसते."

"काऊन नसते? दंडारीत असते, नाटकात असते, इथीच काऊन नसते?"

मागून आवाज आला, "बरोबर हाय! घ्या बक्षीस!" मग सगळा तंबू ओरडायला लागला. तंबूवाल्यानं रिमोट दाबला. पडद्यावर नायकाचा बाप तोंड उघडं टाकून अडकला.

"कोणाले बक्षीस, बाई?"

"हे वाजवलं त्याले."

किशोरबाबू फेटा सावरत, हात जोडत खुर्चीतून उठले. पारबताबाईनं त्यांना खालीवर बघितलं. "तू कोण व्हय? बस खाली."

आणि भोंगा वाजला. सगळ्या जत्रेत ऐकू गेला, देवळाच्या रांगेपर्यंत. "पारबताबाई यांचेकडून, त्यांचे चिरंजीव श्रावणभाऊ यांस, सॅक्सोफोनबद्दल, अकरा रुपये बक्षीस!"

"वन्स मोर!"

नियम म्हणजे नियम. तंबूवाल्यानं सीडी मागे घेतली. नायकाचा बाप उठला, धुऱ्यावर चालत आला, आणि पुन्हा मेला. लगेच नदीवरच्या ढिवर मंडळींचं बक्षीस. पुन्हा मेला. चुरमुरेवाल्याचं बक्षीस. पुन्हा मेला! एरवी मध्येच पुकारलं की चिडणारा आमचा श्रावणभाऊ बांबूला धरून उभा होता, आणि दर वेळी आपलं नाव पुरं होईस्तोवर ऐकत होता. मग लक्ष्मणराव उठले. तेच, बैलांचे मालक. तंबूवाल्याच्या कानात काही बोलले आणि भोंगा पुकारता झाला, "सर्जा-राजा बैलजोडी यांचेकडून, श्रावणभाऊ यांस, अकरा रुपये बक्षीस!"

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी! बब्बू तर तणसावर लोळत होता. त्या दिवशी नायकाचा बाप किती वेळा मेला, ते कुणी मोजलं नाही. आणि मग हळूहळू सगळ्या तंबूच्या नजरा पुढच्या खुर्चीकडे वळल्या. शेठ समोर बघत बसले होते. कुणी तरी खाकरलं. कुणी तरी हसलं. शेठचा हात खिशात गेला.

तंबूवाला माईक घेऊन खुर्चीजवळ आला. "सिनेमाचे निर्माते दिगांबरशेठ यांचेकडून, एकशे एक रुपये बक्षीस! कोणाले, शेठ?"

"ह्या... संगीतकाराले," शेठ पुटपुटले.

"नाव सांगा शेठ. बिन नावाचं बक्षीस पुकारत नाई."

शेठनी जावयाकडे बघितलं. जावई पायाखालच्या तणसाकडे बघत होते. माईक शेठच्या तोंडाशी होता आणि तंबूत कुणी हलत नव्हतं.

"श्रावण," शेठ म्हणाले. मागून गलका झाला, आयकू येत नाई, तसं त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हटलं, "संगीतकार, श्रावण गंगाराम."

पारबताबाई अजून तिथंच उभी होती, पदराचं टोक हातात धरून. ती म्हणाली,

"आडनाव राह्यलं, शेठ!"